‘या’ नावाची पाहुणी: घानाच्या असांते मुलखातले आठ दिवस

ब्राँक्समधल्या आमच्या इस्पितळात रात्रपाळीच्या बऱ्याच नर्स घानाच्या आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरलीला सगळे आंटी म्हणतात, मीही. आंटी महिन्यातल्या एका रविवारी कधीही पाळी घेत नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "आमच्या गावाची मीटिंग असते." मला हसू आलं. माझे काका परळच्या खोलीतून दर महिन्याला असेच निघायचे. लांज्याजवळच्या आमच्या वाडीचं मुंबई मंडळ! वर्गणी, शाळेचे पत्रे, पालखीचा खर्च आणि दोन तास भांडण.

आंटीचं मंडळ म्हणजे त्याचंच चुलत भावंड. घानातल्या असांते लोकांच्या एका गावाहून अमेरिकेत आलेली माणसं चर्चच्या तळघरात जमतात. बोलणं त्यांच्या ट्वी भाषेत, वर्गणी डॉलरमध्ये. कुणाच्या घरी मयत झालं तर प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची आणि उरलेल्या पैशांतून गावासाठी काहीतरी करायचं. २०२४ मध्ये मंडळाने गावच्या दवाखान्यासाठी जुन्या खाटांचा कंटेनर पाठवला आणि तो सुपूर्द करायला चौदा जण निघाले. मी औषधभांडारात काम करते, याद्या करायची सवय आहे, म्हणून आंटीने मलाही ओढलं.

गावाचं नाव लिहीत नाही, पुढे वाचलंत की कारण कळेल. असांतेंचं मुख्य शहर कुमासी, तिथून उत्तरेला मॅंपॉंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूचं गाव, एवढं पुरे. तिकडे जायचं असेल तर ‘असांते मॅंपॉंग’ असं पूर्ण नाव घ्या. नुसतं मॅंपॉंग म्हटलं तर कुणी अक्राजवळच्या डोंगरातल्या दुसऱ्याच मॅंपॉंगला नेऊन सोडेल. तेही काही वाईट ठिकाण नाही. टेटे क्वार्शीने १८७९ मध्ये कोको लावला तो तिथेच. पण तुमचं यजमान गाव मात्र ताटकळत बसेल.

गुरुवार, १ ऑगस्ट

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टाइतकंच जपा, आणि लस निदान दहा दिवस आधी घ्या. मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू करा.

अक्रा ते कुमासी अडीचशे किलोमीटर, बसने सहा तास. शेजारी मंडळाचे खजिनदार बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "तुझा जन्म कोणत्या वारी?" असांते माणसाचं पहिलं नाव त्याच्या जन्मवारावरून पडतं. रविवारचा मुलगा क्वासी, मुलगी अकोसुआ. शुक्रवारचा कोफी, मुलगी अफिया. मला माझा वार माहीत नव्हता, म्हणून आईला व्हॉट्सॲप केलं. तिकडे संध्याकाळचा चहा चालला होता. उत्तर लगेच आलं: "गुरुवार. दत्ताचा वार. हेही विसरलीस?"

"मग तू या," खजिनदार म्हणाले.

"कुठे येऊ?" माझ्या तोंडून मराठीतच गेलं.

गुरुवारी जन्मलेल्या मुलीचं नाव ‘या’. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर असांतेंच्या पवित्र सोन्याच्या आसनावर बसायला मागत होता, तेव्हा पुरुषांच्या आधी उभी राहिलेली एजिसूची राजमाता या असांतेवा हीसुद्धा गुरुवारचीच. इंग्रजांनी तिला सेशेल्स बेटांवर पाठवलं. १९२१ मध्ये ती तिथेच वारली. एवढ्या मोठ्या बाईचं नाव आपल्याला फुकटात मिळालं म्हणून मी जरा ताठ बसले.

पुढे खजिनदार स्वतःबद्दल बोलू लागले. १९८३ साली पाऊस नव्हता, वणव्यांत कोकोच्या बागा जळाल्या होत्या, त्यात नायजेरियाने लाखो घानावासीयांना हाकलून दिलं. ते लोक ज्या चौकड्यांच्या प्लॅस्टिक पिशव्यांत संसार भरून परतले, त्या पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत अजून ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या टपावर असायच्या त्याच पिशव्या. खजिनदार तशी एक पिशवी घेऊन घराबाहेर पडले ते लागोस, हॅम्बुर्ग असं करत न्यूयॉर्कला पोचले. आताही त्यांच्या पायाशी तशीच एक पिशवी होती, त्यात भाच्यासाठी बूट. मुलांसाठी काय नेताय, हे मी विचारलं नाही. असांतेंमध्ये कूळ आईकडून चालतं. माणसाची मुलं बायकोच्या कुळातली, त्याच्या कुळात बहिणीची मुलं. ही गोष्ट शनिवारी फार उपयोगी पडली.

शुक्रवार, २ ऑगस्ट

कुमासी ऑगस्टमध्ये चक्क थंड असतं. आभाळ भरलेलं, अंगावर हलकी शाल घ्यावीशी वाटणारी हवा. आफ्रिका म्हणून सुती कपडेच भरून नेणारी मी पहिल्याच सकाळी केजेटिया बाजारात स्वेटर शोधत होते. केजेटिया हा पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. एकट्याने फिरू नका, हरवाल. मी हरवले. एका टोमॅटोवालीने हाताला धरून बाहेर आणून सोडलं आणि वाटेत दोन किलो टोमॅटो गळ्यात मारले.

दुपारी राजवाड्याचं संग्रहालय. लिहितात मान्हिया, म्हणतात मान्शिया. राजा प्रेंपे पहिला याला इंग्रजांनी १८९६ मध्ये पकडून नेलं आणि १९२४ मध्ये परत येऊ दिलं. त्याच्यासाठी १९२५ मध्ये बांधलेलं हे दुमजली घर. वस्तूंपेक्षा वस्तूंखालच्या पाट्या वाचत मी जास्त वेळ उभी होते. १८७४ मध्ये इंग्रज फौजेने कुमासी जाळलं, लुटलं. त्या आणि नंतरच्या लुटीतलं पुष्कळसं सोनं लंडनला गेलं. त्यातल्या बत्तीस वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०२४ मध्ये इथे दिल्या, त्याही तीन वर्षांच्या उसनवारीवर. कॅलिफोर्नियातल्या फाउलर म्युझियमने मात्र फेब्रुवारीत सात वस्तू कायमच्या परत केल्या. राजाचा आत्मा शुद्ध करणाऱ्या सेवकांच्या छातीवरच्या सोन्याच्या चकत्या काचेमागे होत्या. आंटी बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "चोराने वस्तू दिली आणि पावती लिहून घेतली."

शनिवार, ३ ऑगस्ट

गावात पोचलो ते थेट मयताच्या मांडवात. मंडळाचे एक सभासद, तीस वर्षं न्यूयॉर्कात टॅक्सी चालवलेले, मे महिन्यात वारले होते. इथे शरीर शवागारात ठेवून सगळे नातेवाईक जमेपर्यंत आठवडे, कधी महिने थांबतात. विमानाने शव आणायचा खर्च मंडळाने उचलला होता. वर्गणीतला सर्वांत मोठा खर्च हाच असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शाळा, दवाखाना त्यानंतर.

गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अर्धवट घरं दिसतात. सिमेंटच्या भिंती, वर आलेल्या सळया, आत उगवलेली केळ. परदेशातून पैसे येतील तसा एकेक थर चढतो. मधेच पैसे घेऊन मेव्हणा पसार होतो, अशाही कथा ऐकल्या. या गृहस्थांचं घर मात्र पूर्ण होतं. फिकट हिरवा रंग, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, दोन मजले. दर वर्षी ‘पुढच्या वर्षी येतो’ म्हणत राहिले. पहाटे त्यांना दिवाणखान्यात, केंटेचं विणलेलं वस्त्र पांघरून, पितळी पलंगावर ठेवलं होतं. त्या घरातली त्यांची ती पहिली रात्र. वाडीतल्या आमच्या घराचं कुलूप गेल्या गणपतीला गंजून उघडेना, ते मला तिथे आठवलं.

दफन सकाळीच उरकलं. मग खरा समारंभ, दुपारभर. लाल-काळ्या कपड्यांची शेकडो माणसं मांडवाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. आल्यावर बसलेल्या सगळ्यांशी हात मिळवत जायचं, उजवीकडून डावीकडे, फक्त उजव्या हाताने. डाव्या हाताने दिलेलं-घेतलेलं अपमान समजतात, तेवढं आपल्याला शिकवावं लागत नाही. एका टेबलावर वही, पावतीपुस्तक आणि माइक. पैसे द्यायचे, पावती घ्यायची, की लाउडस्पीकरवर नाव आणि आकडा. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ वाचत वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय! मी दोनशे सेडी दिले (तेव्हा डॉलरला साधारण पंधरा सेडी मिळत). "सिस्टर या, इंडिया!" असा पुकारा झाला, ढोल वाजले आणि मृताच्या कुळातली माणसं रांगेने येऊन मला हात देऊन आभार मानून गेली.

रांगेत पुढे बहिणीचा मुलगा होता. सगळं तोच बघत होता. मृताची न्यूयॉर्कहून आलेली मुलगी माझ्याशेजारी बसली होती, वीस-बावीसची. ते हिरवं घर आता कुणाचं, यावर कुळाची बैठक आत चालू होती. कायदा १९८५ पासून बायको-मुलांना वाटा देतो, ती म्हणाली, पण कुळाच्या जमिनीवर बांधलेल्या घराचं गणित कायद्याच्या पुस्तकात बसत नाही. मग बायका अडोवा नाचायला उठल्या. हातांची बोटं बोलतात त्या नाचात. मुलीला कुणीतरी ओढलं आणि ती सुरेख नाचली. मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकली होती म्हणे.

जेवण: फूफू. कसावा आणि कच्ची मोठी केळी उकडून उखळात कांडतात. एक जण उभं मुसळ मारतो, दुसरी दोन घावांच्या मधे हाताने गोळा फिरवते. माझे डोळे आपोआप मिटत होते. गोळा रश्श्यात बुडवून न चावता गिळायचा. मी भाकरीसारखा चावायला लागले आणि आजूबाजूची मुलं खदखदा हसली.

रविवार, ४ ऑगस्ट

कुमासीत परत. दर बेचाळीस दिवसांनी येणारा अक्वासिडाए हा पूर्वजांचा आणि राजाचा दिवस. तारखा आधीच जाहीर असतात, त्या बघूनच सहल आखा. राजवाड्याच्या पटांगणात सकाळीच जागा धरावी लागते.

असांतेहेने, म्हणजे असांतेंचे राजे, ओटुम्फुओ ओसेई टुटू दुसरे १९९९ पासून गादीवर आहेत. मोठ्या मखमली छत्र्या ढोलांच्या तालावर वरखाली नाचवत त्यांना आणलं. हातावर सोनं इतकं, की दंडाला आधार द्यायला माणूस. तलवारी धरलेले, शिंगं फुंकणारे, आणि फोंटोम्फ्रोमचे माणसाच्या उंचीचे ढोल, ज्यांचा आवाज छातीत वाजतो. मंडळाच्या लोकांनी खास छापून घेतलेल्या एकसारख्या कापडाचे कपडे केले होते. चौदा जण ओळीने पुढे गेले, पुरुषांनी खांद्यावरचं वस्त्र उतरवलं, चपला काढल्या. इस्पितळात डॉक्टरांना गप्प करणारी आंटी तिथे शाळकरी पोरीसारखी दिसत होती.

दुपारी ओमो टुओ, हे रविवारचंच खाणं. मऊ भाताचे गोळे आणि शेंगदाण्याचा रस्सा. सामिष नको म्हणून सांगितलं तर उकडलेलं अंडं घालून देतात. पहिला घास घेतला आणि आईला फोटो पाठवला: "दाण्याची आमटी!" आई म्हणाली, "आज उपास आहे का तिकडे?"

सोमवार, ५ ऑगस्ट

आता ज्यासाठी गावाचं नाव लिहिलं नाही, ते.

कंटेनर टेमा बंदरात जूनमध्येच आला होता. एका दलालाने कागद अपुरे दिले, मग रोजचं भाडं चढत गेलं, आणि खाटा सोडवायला लागलेल्या पैशांत कुमासीत नव्या खाटा आल्या असत्या. सोमवारी ट्रक पोचला. गावच्या आरोग्य उपकेंद्राला इथे सगळे ‘चिप्स’ म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा तो उच्चार, पण मी आधी दोन मिनिटं वेफर्सचं दुकान शोधत होते. बँड वाजला, फीत कापली, भाषणं झाली.

मग मी यादी घेऊन खाटा तपासायला बसले. बारा खाटा, सगळ्या बटणावर वरखाली होणाऱ्या. अमेरिकेत वीज एकशे वीस व्होल्टची, घानात दोनशे तीसची. हे मला न्यूयॉर्कमध्ये सुचायला हवं होतं, यादी माझीच होती. कुणी ओरडलं नाही. प्रसूती करणाऱ्या सिस्टरने फक्त खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हाताने फिरवायचा दांडा आहे का?" चार खाटांना होता. त्या चार तिने तिथेच खुणा करून आत घेतल्या. आठ खाटा तशाच सपाट वापरता येतील म्हणाली.

तुमचं मंडळ असं काही पाठवणार असेल तर एवढं करा: व्होल्टेज बघा, सुटे भाग तिथे मिळतात का बघा, आणि सगळ्यात आधी तिथल्या नर्सला फोन करा. आम्ही मंडळाच्या अध्यक्षांना केला होता, गावप्रमुखांना केला होता. तिला कुणीच केला नव्हता. तिला काय हवं होतं? बोअरवेलचा पंप. तो मार्चपासून बंद होता आणि बाळंतिणीच्या नातेवाइकांना पाणी डोक्यावर आणावं लागत होतं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

गावप्रमुखाला इथे ‘नाना’ म्हणतात. आमच्या आळीतही दोन नाना होते, त्यामुळे मला हाक मारायला जड गेलं नाही. पण नानांशी थेट बोलायचं नसतं. शेजारी सोनेरी मुठीची काठी घेतलेला ओचिआमे असतो. आपण त्याला सांगायचं, तो नानांना सांगतो, नाना दोन हातांवर बसलेले असले तरी. आल्याबरोबर पाणी देतात. पाणी पिऊन झाल्यावरच ‘अमाने’, म्हणजे येण्याचं कारण विचारतात. गूळपाण्यानंतर "काय काम काढलंत?" विचारणारं आमचं आजोळ यापेक्षा वेगळं नव्हतं.

बैठक झाडाखाली तीन तास चालली. मंडळाला गावातल्या जुन्या देवघराचा चौक दुरुस्त करायचा होता, तरुणांना फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळ हवी होती. शिवाय एका श्रीमंत सभासदाला ‘न्कोसुओहेने’ करायचा घाट होता. हे विकासप्रमुखाचं मानाचं पद आधीच्या असांतेहेनेंनी १९८५ मध्ये सुरू केलं. बाहेर गेलेल्यांना, परक्यांनाही ते मिळतं, आणि मिळाल्यावर खिसा सैल सोडायचा असतो. पंपाबद्दल कुणी बोलेना. राजमाता, म्हणजे नानांना गादीसाठी निवडणारी त्यांच्या कुळातली वयस्क बाई, इतका वेळ कोपऱ्यात बसली होती. ती ओचिआमेकडे न बघता बोलली. आंटीने मला कानात सांगितलं: "ती म्हणते, पूर्वजांना वाहायचं पाणीसुद्धा त्याच पंपाचं असतं."

खजिनदारांनी टोपी काढली आणि तिच्यात शंभर डॉलर टाकले. मग अर्थात कुणीतरी माइक आणलाच. नावं, आकडे, ढोल. संध्याकाळपर्यंत पंपवाला मॅंपॉंगहून आला होता. दोष मोटारीत नव्हताच, वायर उंदराने कुरतडली होती.

बुधवार, ७ ऑगस्ट

सुट्टीचा दिवस. न्टोन्सोला कोरलेल्या भोपळ्याच्या कवटीचे ठसे झाडाच्या सालीच्या काळ्या रंगात बुडवून कापडावर आडिंक्रा नावाची चिन्हं उमटवतात. मागे वळून पाहणारा सांकोफा पक्षी इथल्या प्रत्येक टी-शर्टवर आहे. मला तो जरा फारच झाला. त्यापेक्षा शिडीचा ठसा घेतला: मृत्यूची शिडी सगळ्यांनाच चढायची आहे, असा त्याचा अर्थ.

बॉनवायरला केंटे विणतात, चार बोटं रुंद पट्ट्यांत, मग त्या जोडतात. पायाच्या बोटांत दोऱ्या धरून मुलगा इतक्या वेगाने धोटा फेकत होता की माझा प्रत्येक फोटो पुसट आला. (आम्ही परतल्यावर डिसेंबरमध्ये युनेस्कोने केंटेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.) विणकराकडूनच घ्या. बाजारात छापील केंटे त्याच नावाने विकतात.

परतताना एजिसूजवळ बेसेआसेचं देवघर. १९८० मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या असांते इमारतींपैकी एक. मधे चौक, चारी बाजूंना उघड्या सोप्यासारख्या खोल्या, भिंतीचा खालचा भाग घोटून लाल केलेला, वरचा पांढरा. मी हात लावून पाहिला. आजीने गेरू दिलेली ओटी अशीच गुळगुळीत लागायची. मंडळाचा गावातल्या चौकासाठीचा हट्ट मला तिथे कळला. कालच्या बैठकीत मी मनातून पंपाच्या बाजूने होते, आजही आहे, पण थोडी कमी.

बोसोम्ट्वे सरोवर राहिलं. तेही लोणारसारखं उल्कापाताने झालेलं. वेळ असेल तर एक दिवस जास्त ठेवा.

गुरुवार, ८ ऑगस्ट

सकाळी गावात एकही माणूस शेताकडे जाताना दिसला नाही. धरणीमातेचं नाव इथे आसासे या. तीही गुरुवारची, म्हणून गुरुवारी तिच्या अंगावर कुदळ मारायची नाही. कोकोच्या बागा, कसावाचे वाफे, सगळं आज आपापलं उभं. न्याहारीला अळूसारख्या पानांची कोंटोमिरेची भाजी आणि उकडलेला याम नावाचा कंद. अगदी आपलं फदफदं, फक्त चिंचगुळाऐवजी पामचं लाल तेल.

बस निघायच्या आधी निरोप घेत फिरलो. पंपाशी बादल्यांची रांग होती. राजमाता दारात स्टुलावर बसली होती. मी उजवा हात पुढे केला आणि सवयीने मराठीत म्हणाले, "येते हं."

तिला अर्थातच काही कळलं नाही. तिने फक्त माझं नाव घेतलं, हात न सोडता, दोनदा.

"या. या."